कामूची ‘द प्लेग’ सात बैठकांत : नाशिकच्या वाचनगटासाठी

फ्रेंच लेखक आल्बेर कामूची ‘द प्लेग’ ही साथीत कोंडलेल्या शहराची कादंबरी. ती वाचायला घेतलेला गट रुतला तर तो दुसऱ्या भागात रुततो. पहिल्या भागात उंदीर पडत असतात, डॉक्टर कुजबुजत असतात, शेवटी शहराच्या वेशी बंद होतात आणि पानं भराभर उलटतात. पुढे कादंबरी मुद्दाम संथ होते. नेमकं त्याच वेळी गटातला कोणीतरी सांगून टाकतो, ‘प्लेग म्हणजे खरं तर नाझी राजवट.’ ते चूक नाही. पण एकदा किल्ली हातात आली की उरलेली पानं वाचायला कोणाला कारण उरत नाही.

म्हणून ही कादंबरी आधी नोंदवही म्हणून वाचावी. निवेदक स्वतः तिला वृत्तांत म्हणतो, तारखा देतो, आकडे देतो. आपणही तेच टिपायचं, अर्थ मागून लावायचा. हे टिपण गट चालवणाऱ्यांसाठी आहे. त्यात शेवट उघड केला आहे, तेव्हा ते सभासदांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका.

आधीची तयारी

माणसं ८ ते १०. सहाच्या खाली गेलात तर दोघं गैरहजर राहिली की बैठक बारगळते, आणि बारांच्या वर गेलात तर निम्मी नुसती ऐकायला येतात. सात बैठका, दर आठवड्याला एक, प्रत्येकी दीड तास. सुरुवात १६ एप्रिलच्या आसपास करा, कारण गोष्ट १६ एप्रिललाच सुरू होते : डॉ. रियू घरातून बाहेर पडतो आणि जिन्याच्या चौकात मेलेल्या उंदरावर त्याचा पाय पडतो. शिवाय गोष्ट जिथे घडते त्या अल्जीरियातल्या ओरान शहरातला उन्हाळा आणि साथ एकत्र चढत जातात ती पानं मग आपल्या मे महिन्यात येतात. दुपारी चारला गंगापूर रोडवरून घामाघूम होऊन आलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाहीत. तरीही बैठक रविवारी सकाळी आठला ठेवलेली बरी. मिसळ नंतर. आधी मिसळ झाली तर साडेदहाशिवाय कोणी पुस्तक उघडत नाही.

जागा कुठलीही चालेल : कोणाची गच्ची, सोसायटीचा हॉल, १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी परवानगी मिळाली तर उत्तमच. फक्त मोठं टेबल हवं, कारण नकाशा पसरायचा आहे.

पुस्तकाच्या प्रती हा पहिला घोळ. मूळ फ्रेंच कादंबरी १९४७ ची. इंग्रजीत तीन भाषांतरं हाती येतात : स्टुअर्ट गिल्बर्टचं १९४८ चं, रॉबिन बसचं २००१ चं आणि लॉरा मॅरिसचं २०२१ चं. गिल्बर्ट वाचायला ओघवता, पण पदरची भर घालतो. कामूचं कोरडं वाक्य त्याच्याकडे जरा नटून येतं. बस आणि मॅरिस मुळाच्या जास्त जवळ राहतात. सगळ्यांनी एकच भाषांतर घ्यायची सक्ती नको, उलट दोन वेगळी असली तर अडलेल्या वाक्यावर उजेड पडतो. मात्र पान क्रमांक जुळणार नाहीत. ‘पान ९२ उघडा’ म्हटलं की पाच मिनिटं गेलीच. यावर उपाय एकच : पाच भागांतली प्रकरणं मोजून पेन्सिलने १ ते ३० आकडे घालून घ्या. भागवार ती ८, ९, १, ७ आणि ५ अशी आहेत. काही आवृत्त्यांत प्रकरणांना आकडे नसतात, नुसती जागा सोडलेली असते. तिथे हे काम पहिल्या बैठकीआधीच व्हायला हवं.

नावांची एक चिठ्ठी करून प्रत्येकाच्या पुस्तकात ठेवा. रियू (डॉक्टर), तारू (नोंदी ठेवणारा परका माणूस), ग्रां (महापालिकेतला कारकून), कोतार (पोलिसांना घाबरणारा), रांबेर (पॅरिसचा पत्रकार), पानलू (पाद्री), ओतों (न्यायाधीश), कास्तेल (म्हातारा डॉक्टर). फ्रेंच उच्चार अगदी बिनचूक जमला नाही तरी चालेल, सगळ्यांचा एकच असावा. तारू हे नाव मराठी माणूस विसरत नाही, गलबत आठवतं.

आणखी दोन वस्तू लागतात. दोनशे पानी एक वही आणि पाव किलो सुके पांढरे वाटाणे. वाटाण्यांचं कारण असं : कादंबरीत दम्याचा एक म्हातारा आहे. तो घड्याळ वापरत नाही, एका भांड्यातले वाटाणे एकेक करून दुसऱ्यात टाकतो आणि त्यावर वेळ मोजतो. आपणही बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाला पाच वाटाणे द्यायचे. बोलायचं असलं की एक पातेल्यात टाकायचा, पाच संपले की ऐकायचं. प्रत्येक गटात एक तरी पट्टीचा वक्ता असतो आणि त्याला तोंडावर ‘आता पुरे’ म्हणणं जड जातं. वाटाणे ते काम बिनबोभाट करतात. डाळ केलेले घेऊ नका, त्यांचे अर्ध्यावरून वाद होतात.

वही कशी आखायची

चार रकाने : तारीख किंवा आठवडा, आकडा, तो कोणी सांगितला, आणि सरकारी भाषेत त्या वेळी कोणता शब्द वापरला. चौथा रकाना सगळ्यात जास्त भरतो. दर बैठकीला वही लिहिणारा बदलायचा.

पहिल्या बैठकीत (प्रकरण १ ते ३) वही उंदरांनीच भरते. २५ एप्रिलला एका दिवसात ६,२३१ उंदीर गोळा करून जाळले. २८ तारखेला सुमारे ८,०००. मग एकदम थांबले, आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. इथे थांबून विचारा, उंदीर थांबले तर वाईट का? उत्तर वैद्यकात आहे. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिनने शोधला, आणि उंदरावरची पिसू तो माणसापर्यंत आणते हे पॉल-लुई सिमों याने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. उंदीर मेला की पिसू गार झालेलं अंग सोडते आणि दुसरं ऊबदार अंग शोधते. म्हणजे उंदीर संपले तेव्हा माणसांची पाळी आली. ‘उंदीर पडायला लागले’ एवढ्या तीन शब्दांवर आपल्याकडची जुनी गावं घरं सोडून माळावर झोपड्या बांधायची. ओरानच्या लोकांकडे असा शब्द नाही, म्हणून ते नुसतं नगरपालिकेला नावं ठेवत बसतात. दारवान मिशेल तर आपल्या इमारतीत उंदीर नाहीतच म्हणून हटून बसतो. ३० एप्रिलला तोच पहिला जातो.

दुसऱ्या बैठकीत (४ ते ८) चौथा रकाना कामाला लागतो. सातव्या प्रकरणातली आरोग्य समितीची सभा मोठ्याने वाचा, पात्रं वाटून घ्या. सगळा वाद रोग काय आहे यावर नसून त्याला काय म्हणायचं यावर आहे. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेलं कोणी गटात असलं तर प्रिफेक्टची (सरकारने नेमलेल्या जिल्हाप्रमुखाची) भूमिका त्यांना द्या; आवाज आपोआप लागतो.

त्याच बैठकीत पाचव्या प्रकरणातला एक हिशेब सोडू नका. रियू खिडकीशी उभा राहून जुन्या साथी आठवतो. कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका दिवसात दहा हजार मेले, असं त्याने वाचलेलं आहे, पण दहा हजार डोळ्यांसमोर येत नाहीत. मग तो पाच मोठ्या चित्रपटगृहांतून बाहेर पडणारे प्रेक्षक एका चौकात आणून मारून पाहतो, मनातल्या मनात, म्हणजे निदान ढीग तरी दिसेल. आपण कालिदास कलामंदिराचं दार घ्यावं. नाटक सुटलंय, लोक शालिमारकडे निघालेत, कोणी रिक्षा थांबवतंय, कोणी पोराचा हात धरलाय. आता ही गर्दी कितीदा मोजली म्हणजे दहा हजार होतील ते प्रत्येकाने आपापलं ठरवावं. इथे कोणाला बोलायचं नसेल तर बोलायला लावू नका, वाटाणे तसेच राहू देत.

वेशी बंद झाल्यावर

तिसऱ्या बैठकीला (९ ते १२) नकाशा. ए-थ्री कागद, पेन्सिल, आणि मोबाइल बाजूला. आठवणीने नाशिक काढायचं : मुंबई-आग्रा महामार्गाची दोन्ही तोंडं, नाशिकरोडकडून सिन्नरला जाणारा पुणे रस्ता, त्र्यंबक, पेठ, दिंडोरी, तोंडात अजून बसलेला औरंगाबाद रोड, नाशिकरोडचं स्टेशन, ओझरचा विमानतळ. प्रत्येक रस्त्यावर शिपाई कुठे उभा करायचा तिथे फुली. हे वाटतं तेवढं सोपं नाही. आडगाव आत की बाहेर? एकलहरे? देवळालीची छावणी? जिथे फुली पडेल तिथे कोणाचं तरी घर एकीकडे आणि कामाची जागा दुसरीकडे राहते, आणि नवव्या प्रकरणात नेमकं तेच लिहिलेलं आहे : दोन-चार दिवसांसाठी म्हणून स्टेशनावर निरोप दिलेली माणसं महिनोन्महिने भेटत नाहीत. फुल्या झाल्या की प्रत्येकाने आज रात्री आपलं कोण रेषेबाहेर आहे तेवढंच एक नाव लिहावं.

कादंबरीत पत्रं बंद होतात, कारण कागदावरून रोग जाईल अशी भीती. फोन फक्त निकडीला. उरते तार, तीही दहा शब्दांत. सगळ्यांना दहा शब्दांची तार मराठीत लिहायला सांगा. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे दहा शब्दांत इंग्रजीपेक्षा बरंच मावतं, आणि तरी तिसऱ्या तारेपासून सगळ्यांच्या तारा सारख्याच व्हायला लागतात. कामूच्या लोकांचंही हेच होतं. आपल्या घरांत ‘तार आली’ म्हटलं की पोटात गोळा यायचा. ओरानमध्ये तारेची वाट बघतात. ही खूण वहीत करून ठेवा, अठ्ठाविसाव्या प्रकरणात रियूच्या नावाने एक तार येते.

अकराव्या प्रकरणातल्या पानलूच्या पहिल्या प्रवचनात एक अडचण आहे. फ्रेंचमधला ‘फ्लेओ’ हा शब्द संकट या अर्थाने येतो, पण त्याचा मूळ अर्थ धान्य झोडपायचं लाकडी अवजार. पाद्री दोन्ही अर्थ एकाच वेळी खेळवतो : शहरावर ते लाकूड फिरतंय आणि दाणा-भूस वेगळं होतंय. इंग्रजीत हा सांधा निसटतो. निफाड-सिन्नरकडचं कोणी असेल तर खळ्यावरची झोडपणी आणि उफणणी त्यांनी दोन मिनिटांत सांगावी. प्रवचनाचा धाक तिथून कळतो.

या बैठकीपासून एक धोका वाढतो. गप्पा २०२० च्या टाळेबंदीकडे वळतात आणि परत येत नाहीत. अडवू नका, माणसांना ते सांगायचं असतं. पण सुरुवातीची पंधरा मिनिटं त्यासाठी राखा, मोबाइलवर गजर लावा, तो वाजला की पुस्तक उघडा. दुसरा धोका डॉक्टर सभासदाकडून : ‘प्लेग आता अँटिबायोटिकने बरा होतो, मग हे काय?’ बरोबर आहे. पण गोष्ट चाळिशीच्या दशकातली आहे. प्लेगवर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये प्रयोगशाळेत सापडलं; ओरानच्या डॉक्टरांकडे फक्त सीरम आणि गाठीला चीर देणारी सुरी आहे.

चौथी बैठक (१३ ते १७) लांबते, तेव्हा रांबेरच्या पळून जायच्या खटपटींवर फार वेळ घालवू नका. त्या कंटाळवाण्या आहेत आणि तशाच असायला हव्यात : ठरलेली भेट, न आलेला माणूस, पुन्हा पहिल्यापासून. वेळ द्या आकड्यांना. वहीत तिसऱ्या आठवड्याचे ३०२ मृत्यू, पाचव्याचे ३२१, सहाव्याचे ३४५ असे आलेले असतील. शहराची वस्ती दोन लाख. निवेदक सांगतो की हे आकडे ऐकून लोक हलले नाहीत, कारण एरवी आठवड्याला किती माणसं मरतात हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मग चौदाव्या प्रकरणात तारूच्या टिपणात दुसरी गंमत येते. रेडिओ आठवड्याचा आकडा सांगायचं बंद करून रोजचा सांगू लागतो : ९२, १०७, १३०. एकशे तीस हा आकडा नऊशे दहापेक्षा लहान दिसतो. कोणालाही कॅल्क्युलेटर न देता १३० गुणिले ७ करायला लावा.

वाक्यावर अडलेला कारकून

ग्रां साथीची आकडेवारी ठेवतो आणि रात्री कादंबरी लिहितो. वर्षानुवर्षं त्याची मजल पहिल्याच वाक्यापर्यंत आहे : मे महिन्यातली सकाळ, घोड्यावरची तरुणी, पॅरिसच्या बुलोन्य वनातल्या फुलांच्या वाटा. विशेषणं बदलतात, घोडीचा रंग बदलतो, ‘चा-ची-चे’ची रांग खटकते. ही रांग मराठीत फ्रेंचइतकीच खटकते, म्हणून हा खेळ आपल्याकडे फार छान जमतो. हे वाक्य बाराव्या प्रकरणात येतं, तेव्हा तिसऱ्या बैठकीपासून प्रत्येकाने ते मराठीत लिहावं आणि दर आठवड्याला एकच शब्द बदलावा. फुलांचं मराठीकरण करू नका. बुलोन्यच्या जागी सोमेश्वर घातलं की ग्रांचं दुखणंच जातं. ते ठिकाण त्याने पाहिलेलं असावं असं वाटत नाही, आणि त्यातच त्याची तळमळ आहे. शेवटच्या भागात तो काय करतो ते सातव्या बैठकीपर्यंत सांगू नका.

तिसरा भाग एका बसणीत

हा भाग म्हणजे एकच प्रकरण. ऑगस्टचा मध्य, वारा, आणि दफनांची उतरंड : आधी घाईघाईचे विधी, मग पुरुषांचा आणि बायकांचा वेगळा खड्डा, मग एकच, शेवटी रात्री ट्राममधून प्रेतं दहनाला. पाचव्या बैठकीत हे संपूर्ण मोठ्याने वाचायचं. पाळीपाळीने दोन-दोन पानं, तासभर लागतो. मध्ये चर्चा नाही. इंग्रजी ऐकणं कोणाला जड जात असेल तर दर दोन पानांनी एकाने मराठीत चार वाक्यांत सांगावं, त्याहून जास्त नाही. लहान मुलं घरात असतील तर ही बैठक दुसरीकडे ठेवा.

उरलेल्या अर्ध्या तासात आपल्याकडचा इतिहास मांडा. मुंबईत साथ १८९६ मध्ये आली. त्या काळच्या मराठीत ‘ग्रंथिक सन्निपात’ असा भारदस्त शब्द होता. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. आपल्या शेजारच्या भगूरमध्ये १८९९ च्या साथीत सावरकर बंधूंचे वडील गेले. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत प्लेगचं नाव पुन्हा निघालं. हे सगळं सांगून झालं की कादंबरीतलं एक रिकामेपण दिसतं. पुण्यात सोल्जर घरात शिरले ते कोणाच्या घरात, हा प्रश्न मराठी वाचकाला लगेच पडतो; ओरान फ्रेंचांच्या वसाहतीतलं शहर, पण कामूच्या ओरानमधले अरब कुठे आहेत? रांबेर तर त्यांच्याच राहणीमानाची माहिती घ्यायला आलेला असतो. त्यानंतर ते जवळजवळ दिसत नाहीत. हा आक्षेप कामूवर बऱ्याच जणांनी घेतला आहे आणि तो टाळू नये.

शेवटच्या दोन बैठका

सहावी (१९ ते २३) सगळ्यात जड. एकविसाव्या प्रकरणात ओतोंचा लहान मुलगा मरतो. कास्तेलने बनवलेलं सीरम टोचल्यामुळे त्याची तडफड नुसती लांबते. ते वाचून झाल्यावर चहा घ्या. त्यानंतर पानलूचं दुसरं प्रवचन. पहिल्यात तो ‘तुम्ही’ म्हणत होता, आता ‘आपण’ म्हणतो, हे निवेदक मुद्दाम नोंदवतो. फ्रेंच आणि इंग्रजीत यासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतलं निवडावं लागतं. सभासदांना प्रवचनातली दोन-तीन वाक्यं दोन्ही प्रकारे म्हणून बघायला सांगा. ‘आम्ही’ म्हणणारा पाद्री अजून व्यासपीठावरच असतो.

याच टप्प्यावर डॉ. रिशार आलेख बघून खूश होतो : रेषा वर चढायची थांबली, सपाट झाली. लगेच तोच साथीत जातो. वहीत या नोंदीशेजारी पहिल्या बैठकीतलं ‘उंदीर थांबले’ लिहा. आणि गाठीच्या प्लेगबरोबर फुफ्फुसाचा प्लेग वाढू लागतो तोही इथेच. तो श्वासावाटे पसरतो, पिसूची गरज उरत नाही, म्हणून मुखपट्ट्या येतात.

सातवीत (२४ ते ३०) दीड तास पुरत नाही, दोन ठेवा. तारूची कबुली, रात्रीचं पोहणं, साथ ओसरत असताना तारूचा मृत्यू, पत्नी गेल्याची रियूला आलेली तार, फेब्रुवारीतल्या पहाटे उघडलेल्या वेशी. ‘प्लेग म्हणजे काय’ हा सहा आठवडे दाबून ठेवलेला प्रश्न आता सोडा. तारू त्याचं उत्तर फाशीच्या शिक्षेकडून देतो, कामू युरोपच्या युद्धाकडून आला होता, दम्याच्या म्हाताऱ्याला त्यात आयुष्यापलीकडे काही दिसत नाही. वहीतल्या नोंदी दाखवून बोलायचं, एवढाच नियम. मग ग्रांचं वाक्य : त्याने सगळी विशेषणं काढून टाकलेली असतात. प्रत्येकाने आपल्या वाक्यातली काढावीत आणि उरलेलं वाचून दाखवावं.

निवेदक कोण होता हे तिसाव्या प्रकरणात कळतं : रियू स्वतः. तेव्हा लगेच उठू नका. वहीचा तिसरा रकाना, ‘कोणी सांगितला’, पुन्हा वरून खाली वाचा. जिथे जिथे ‘निवेदक’ लिहिलं आहे तिथे डॉक्टरचं नाव घालून बघायचं, आणि पत्नीला सोडायला तो स्टेशनावर जातो ते दुसऱ्या प्रकरणातलं पान त्याने ‘तो’ म्हणून कसं लिहिलं आहे ते एकदा मोठ्याने वाचायचं. याला आणखी अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात वाटाणे नकोत.